पात्रता कोणाची तपासायची?

'सद्गुणविकृती' हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. युद्धकैद्याला पाणी पाजले की सद्गुणविकृती. आरोपीला वकील मिळाला की सद्गुणविकृती. मोहल्ल्यातल्या मयताला खांदा दिला, तर तीही. चार माणसांच्या वादात एकाने हा शब्द टाकला की उरलेल्या तिघांनी गप्प बसायचे, असा आता रिवाजच पडला आहे. ज्या पुस्तकातून तो आला ते यांतल्या किती जणांनी उघडून पाहिले असेल, हे विचारण्यात हशील नाही. पुस्तक न वाचता त्यातला शब्द फेकण्याची आपली परंपरा जुनी आहे.

शब्दाचा जनक मात्र हलका माणूस नव्हता. 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने' १९६३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा वि. दा. सावरकर ऐंशीच्या घरात होते. दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द ज्याच्या टाकसाळीतून आले आणि रुळले, त्या माणसाने आयुष्याच्या अखेरीस पाडलेले हे नाणे आहे. म्हणून प्रतिवाद करायचा तो थेट त्यांच्याशीच. शब्द फेकणाऱ्यांशी भांडण्यात वेळ जाईल आणि मूळ युक्तिवाद अस्पर्श राहील.

सावरकरांचे म्हणणे असे. कोणताही सद्गुण स्वतःच्या बळावर सद्गुण नसतो. देश, काळ आणि पात्र यांचा विवेक सुटला की दया, क्षमा, औदार्य, स्त्रीदाक्षिण्य हेच गुण समाजाचा घात करतात आणि मग त्यांना दुर्गुणच म्हणायला हवे. हिंदू समाजाने इतिहासात हे वारंवार केले, असा त्यांचा आरोप आहे. हाती लागलेल्या शत्रूला सोडले. शत्रूच्या स्त्रियांना साडीचोळी करून परत पाठवले. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची पाठवणी करणारे शिवाजी महाराज आणि वसईच्या पोर्तुगीज गव्हर्नरच्या पत्नीला सन्मानाने जाऊ देणारे चिमाजी अप्पा या दोघांनाही त्यांनी यातून वगळलेले नाही. शत्रूने आपल्या स्त्रियांशी जे केले तेच त्याच्या स्त्रियांशी झाले असते, तर त्याला जरब बसली असती, असे ते उघड लिहितात. आडपडदा नाही. निदान त्या धीटपणाला तरी मान दिला पाहिजे. आजचे अनुयायी निष्कर्ष हवा तेवढा वापरतात आणि हे वाक्य मात्र चारचौघांत उच्चारत नाहीत.

त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. रोटीबंदी, बेटीबंदी, स्पर्शबंदी, सिंधुबंदी, शुद्धिबंदी, व्यवसायबंदी, वेदोक्तबंदी या सात बेड्या आपण 'आचार' आणि 'पावित्र्य' अशा गोंडस नावांनी पायात मिरवल्या, हे त्यांचे निदान अचूक आहे. नुसते निदान करून ते थांबले नाहीत; १९३१ साली रत्नागिरीत सर्व जातींना खुले पतितपावन मंदिर उभे राहिले त्यामागे त्यांचे कष्ट होते. धर्मांतरित नेताजी पालकरांना महाराजांनी १६७६ साली परत घेतले. त्या एका उदाहरणापुढे शुद्धिबंदीचा सगळा शास्त्रार्थ लटका पडतो. पण या सात बेड्यांपैकी एकीतही सद्गुणाचा अतिरेक झालेला नाही. स्पर्शबंदी हा कोणत्या गुणाचा अतिरेक? तो पहिल्या दिवसापासून दुर्गुणच होता, फक्त सोवळे नेसून आला होता. सावरकरांनी हा दुर्गुण आणि वर सांगितलेले शत्रुस्त्रीचे रक्षण एकाच टोपलीत टाकले. गफलत इथून सुरू होते.

आता 'पात्र' या शब्दाकडे येऊ. देश, काळ आणि पात्र ही त्रयी गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे आणि ती कशाच्या संदर्भात आहे ते नीट पाहण्याजोगे आहे. ती दानाच्या संदर्भात आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले ते सात्त्विक दान. अयोग्य स्थळी, अवेळी, अपात्राला, अवमानून दिलेले ते तामस. दान म्हणजे माझ्याकडचे काही तरी दुसऱ्याला देणे. घेणाऱ्याचा त्यावर हक्क नसतो, म्हणूनच देणाऱ्याने घेणाऱ्याची पात्रता तपासावी हे रास्त ठरते. औदार्य, क्षमा, मदत, विश्वास हे सगळे याच कुळातले. गुन्हेगाराला क्षमा करायची की नाही, शेजारी राष्ट्राला कर्ज द्यायचे की नाही, हरलेल्या शत्रूला त्याचा किल्ला परत द्यायचा की नाही, या प्रश्नांत पात्र पाहावेच लागते. न पाहणारा मूर्ख. इथवर सावरकरांशी माझा वाद नाही.

पण सद्गुणांचे दुसरेही एक कूळ आहे. ते देण्याचे नव्हे, न करण्याचे आहे. बलात्कार न करणे, मुले न मारणे, दिलेला कौल न मोडणे, निःशस्त्राला न कापणे. यात दुसऱ्याला मी काहीच देत नाही. एक गुन्हा करायचे टाळतो, एवढेच. दुसरा माणूस पात्र आहे का, हा प्रश्न इथे लागूच होत नाही. तपासायची असेल तर ती करणाऱ्याची पात्रता. शेजारी लबाड असेल तर त्याला उसने पैसे देऊ नयेत हा शहाणपणा झाला. शेजारी लबाड आहे म्हणून त्याच्या घरात चोरी करणारा चोरच असतो. पहिल्या कुळासाठी केलेला नियम सावरकरांनी दुसऱ्या कुळाला लावला आणि दोन्हींना एकच नाव दिले. त्यांचा पूर्ण युक्तिवाद या एका बेमालूम जोडावर उभा आहे.

उदाहरणे एकेक घेतली की जोड उसवू लागतो. पृथ्वीराज चौहानाने घोरीला पकडून पुन्हा पुन्हा सोडले, ही कथा पृथ्वीराज रासोच्या परंपरेतली. ११९१ च्या तराईच्या लढाईत घोरी जखमी झाला आणि त्याच्या माणसाने त्याला घोड्यावर सावरून रणातून बाहेर काढले, असे जुन्या फारसी इतिहासात आहे. तो पकडलाच गेला नव्हता, मग सोडणार कोण? चूक झाली ती वेगळीच. पळणाऱ्या फौजेचा पाठलाग झाला नाही, पुढचे वर्ष भटिंड्याच्या वेढ्यात गेले आणि ११९२ मध्ये घोरी नव्या तयारीने परत आला. या पराभवाचा धडा पाठलागाविषयी, हेरांविषयी, घोडदळाविषयी आहे. क्षमेविषयी त्यात काही नाही. लष्करी गाफिलपणाला सद्गुणाचे नाव दिले की सेनापती सुटतो आणि खटला नीतीवर चालतो.

कल्याणचे उदाहरण आणखी बोलके आहे. कल्याण-भिवंडी १६५७ च्या ऑक्टोबरात स्वराज्यात आली, हे पक्के. सुभेदाराच्या सुनेची गोष्ट मात्र समकालीन कागदांत मिळत नाही. ती लोकांनी रचली, लोकांना आवडली, शाळेच्या नाटकांत गेली. (आपली आई इतकी देखणी असती तर आपणही देखणे झालो असतो, हे महाराजांच्या तोंडी घातलेले वाक्य मला कधीच पटले नाही. म्हणजे सून कुरूप असती तर?) सावरकरांनी याच लोककथेवर टीका केली आणि त्यांच्या विरोधकांनी तीच लोककथा डोक्यावर घेतली. दोघांनीही कागद बाजूला ठेवला.

कागद काय सांगतो? १६४६ चे रांझे गावच्या पाटलाचे प्रकरण. पुण्याजवळच्या या गावच्या बाबाजी गुजर पाटलाने एका बाईवर बदअमल केला. चौकशी झाली, गुन्हा शाबित झाला, पाटलाचे हातपाय तोडले गेले आणि पाटीलकी काढून घेतली गेली. महाराजांचे वय त्या वेळी जेमतेम सोळा. इथे शत्रू नाही, परधर्म नाही, सुंदर सून नाही, साडीचोळी नाही. गुन्हेगार आपला, वतनदार, वजनदार. बाई गावातली, तिचे नावही इतिहासात ठळक नाही. शत्रुस्त्रीविषयीचे धोरण या कागदाला जोडून वाचले की कळते, ते शत्रूवर केलेले औदार्य नव्हतेच. आपल्या माणसांना घातलेला तो कायदा होता आणि तो दोन्हीकडे सारखा चालत होता.

खाफीखानाची साक्ष यासाठीच मोलाची. महाराजांच्या मृत्यूची नोंदसुद्धा शिवी हासडून करणारा हा मोगल इतिहासकार, पण मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना हात लावायचा नाही असा त्यांचा आपल्या लोकांना सक्त हुकूम होता, हे त्याला लिहावे लागले. आणि १६७७ च्या ऑगस्टमधले ते डच प्रकरण. कर्नाटकच्या स्वारीत महाराजांनी डच कंपनीला व्यापाराचा कौल दिला, त्यात एक कलम घातले: आधीच्या राजवटीत तुम्हाला बायका-पुरुषांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करता येत होती, माझ्या मुलखात ती चालणार नाही, केलीत तर माझी माणसे आडवी येतील. डचांचा पैसा हवा होता, मोहीम चालू होती, गुलाम होणारे लोक महाराष्ट्रातले नव्हते, तमिळ मुलखातले होते. सद्गुणविकृतीच्या मोजपट्टीने हा तर धडधडीत बावळटपणा ठरायला हवा. या कलमाने स्वराज्याचे काय नुकसान झाले, ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलेले नाही.

वसईकडे जरा थांबून पाहू. उत्तर फिरंगाणाची मोहीम १७३७ च्या मार्चमध्ये सुरू झाली आणि वसईचा कोट १७३९ च्या मे महिन्यात पडला. शेवटच्या हल्ल्यांत सुरुंग उडाले, बुरूज ढासळले, हजारो मराठे कामी आले. पावसाळा तोंडावर होता. दिल्लीत नादिरशहा येऊन बसला होता आणि उत्तरेत फौज लवकर मोकळी व्हावी म्हणून बाजीराव उतावीळ होते. अशा वेळी चिमाजी अप्पांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. पोर्तुगीज शिबंदीने लष्करी इतमामाने, आपली चीजवस्तू आणि बायकामुले घेऊन निघून जावे. फौज गेली. पोर्तुगीज वसईत पुन्हा परतले नाहीत. कोटातल्या माणसांना आपली बायकामुले सुखरूप जातील याची खात्री नसती, तर त्यांनी शेवटच्या दारूगोळ्यापर्यंत भांडून आणखी किती मराठे मारले असते? अप्पांच्या शब्दावर फिरंग्याने विश्वास ठेवला म्हणून कोट त्या दिवशी हाती आला. या व्यवहारातली विकृती मला दाखवून द्या.

मराठी राज्यकारभारात 'कौल' या शब्दाला जे वजन होते ते यामुळेच. गाव ओस पडले की सरकार कौलनामा पाठवायचे. रयत त्या कागदावर विसंबून माघारी यायची, नांगर धरायची. ज्याचा कौल फिरतो त्याला सारा मिळत नाही. नीती आणि राजकारण यांचे हे लग्न पुस्तकी नाही, दप्तरी आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खराच जड आहे. संभाजी महाराजांना १६८९ च्या मार्चमध्ये हाल हाल करून मारले, रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाल शाहू कैदेत गेले. अशा शत्रूसमोर कसली नियमांची भाषा? उत्तर मराठ्यांनीच देऊन ठेवले आहे. त्यापुढची अठरा वर्षे त्यांनी औरंगजेबाला दख्खनच्या चिखलात घोळवले. रसद तोडली, छावण्या जाळल्या, सरदार धरले. १६९० मध्ये साताऱ्याजवळ मोगल सरदार रुस्तुमखान कुटुंबासकट हाती लागला, तेव्हा छत्रपतींच्या हत्येला पुरते दीड वर्षही झाले नव्हते. बदला घ्यायला याहून सोयीची वेळ कुठली? त्याच्याकडून खंडणी वसूल करून त्याला सोडण्यात आले. संताजी-धनाजींचे हे नित्याचे तंत्र होते. पैसा स्वराज्याच्या कामी आला, मोगल सरदारांची लढण्याची इच्छा खचली आणि १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला मेला तो हरूनच. क्रौर्यात शत्रूची बरोबरी न करता त्याला मातीत घालता येते, याचा यापेक्षा मोठा दाखला दुसऱ्या कुणाच्या इतिहासात शोधायला जायची गरज नाही.

'जशास तसे' म्हणणारे मग महाभारत काढतात. रुतलेले चाक वर काढणाऱ्या कर्णाला कृष्णाने धर्माची आठवण कशी करून दिली, हा त्यांचा हुकमाचा एक्का. पण कर्णाचा वध हा रणांगणावरच्या योद्ध्याचा वध आहे. त्यांच्या मागणीला जुळणारे पात्र महाभारतात आहे, फक्त ते दुसऱ्या पर्वात भेटते. माझ्या बापाला कपटाने मारले, नियम त्यांनी आधी मोडले, आता मला कुठलाही नियम नाही, असे म्हणून रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना कापणारा आणि पुढे उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडणारा अश्वत्थामा. त्याची तक्रार खरी होती. द्रोणाला मारताना कपट झालेच होते. तरीही त्याला शाप दिला तो स्वतः कृष्णाने, म्हणजे ज्याचा हे लोक हवाला देतात त्यानेच. जखमेला तेल मागत दारोदार फिरणारा अश्वत्थामा आपल्या खेड्यापाड्यांत आजही सांगितला जातो. आणि कुणी तुकोबांना साक्षीला बोलावले तर एवढेच म्हणेन, की त्यांची काठी नाठाळाच्या माथ्यावर आहे. त्याच्या सुनेच्या नाही.

सून हा या वादातला खरा मुद्दा आहे आणि त्यावर दोन्ही बाजू चमत्कारिक मौन पाळतात. सावरकरांच्या मांडणीत स्त्री ही शत्रूला दुखवायची जागा आहे. गोडवे गाणाऱ्यांच्या मांडणीत ती शत्रूला परत करायची ठेव आहे. ती स्वतः कोण, हे कुणीच विचारत नाही. याचे मूळ आपल्या 'शील' या शब्दाच्या घसरणीत आहे. बौद्ध परंपरेत शील म्हणजे माणसाने स्वतः पाळायची वागणूक. पंचशील हे पाळणाऱ्याचे असते. बाबासाहेब आंबेडकर विद्येच्या जोडीला शील मागत, ते याच अर्थाने. बोलीत मात्र शील बाईच्या अंगाला चिकटले. पुरुष गुन्हा करतो आणि 'शीलभ्रष्ट' ती ठरते. आपल्या कायद्याच्या मराठीतसुद्धा गुन्ह्याचे नाव 'विनयभंग', म्हणजे मोडला तो तिचा विनय. त्याचे काय मोडले याबद्दल शब्दच नाही. रांझ्याच्या कागदात ही उलटापालट नाही. तिथे भ्रष्ट झाला तो पाटील आणि शिक्षा भोगली त्याने. शील पुन्हा करणाऱ्याच्या अंगावर ठेवले, की शत्रूच्या बायकोशी कसे वागावे हा प्रश्न शत्रूचा राहत नाही.

उरतो शेवटचा दावा, की आपण एकदा तरी हा संयम सोडून पाहायला हवा होता. तो सोडून पाहिलेला आहे. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिले. त्याच्या काव्यात मराठे येतात ते पापी लोकांना शासन करायला, खुद्द शिवाच्या प्रेरणेने. म्हणजे देवाचा परवाना घेऊन. पुढे गावे जळतात, बायकांवर अत्याचार होतात, ब्राह्मण आणि वैष्णव मारले जातात, तेव्हा देवीच त्यांच्यावर उलटते. भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर काटव्याला दुर्गापूजा मांडून बसले असता बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने छापा घातला आणि १७४४ मध्ये भेटीला बोलावून त्यांना ठार केले. लुटल्या गेलेल्यांत बहुसंख्य हिंदूच होते. एकदा हात सैल सुटला की तो धर्म विचारत नाही. चौथाई मिळाली, ओरिसा मिळाला. बंगाल मात्र कायमचा दुरावला. बंगाली आई आजही लेकराला झोपवताना बारगीर येतील अशी भीती घालते. हिंदवी साम्राज्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी ते अंगाईगीत एकदा कोलकात्यात जाऊन ऐकावे.

आणि १७९१ चे शृंगेरी. टिपूवरच्या स्वारीत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शंकराचार्यांचा मठ लुटला, माणसे मारली, शारदेची मूर्ती जागेवरून हलवली. आचार्यांनी मदत मागितली ती टिपूकडे. त्याने पैसे दिले, धान्य दिले, मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठा करायला साह्य केले आणि आदराची पत्रे लिहिली. १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याला ती मठात मिळाली. त्या पत्रांत टिपूचे राजकारण किती होते आणि भक्तिभाव किती, यावर खुशाल वाद घाला. पण कोडगू आणि मलबारच्या कारणाने ज्याच्याविषयी आपण इतके बोलतो, त्या माणसाला हिंदू मठाचा रक्षक म्हणून उभे राहायची संधी आपल्याच लष्कराने दिली. सद्गुणविकृतीची यादी खिशात घेऊन फिरणाऱ्यांनी हा प्रसंग त्या यादीत कुठल्या रकान्यात बसतो, तेवढे सांगावे.